रेनलसाठी, तीन आठवड्यांपुरतं

उद्या सकाळच्या बोटीने मी मार्व्याला,
तिथून मालाडच्या हॉस्पिटलात, डाव्या गुडघ्यासाठी.
बुटका तुझ्याकडे.
अठराच हॉर्सपॉवरचा, पण रुसतो मोठ्यांसारखा.

तू हसशील. मनोरीत कसली आलीय थंडी,
पंधरा डिग्रीला लोक माकडटोप्या घालून फोटो काढतात.
पण पहाटे खाडीवरून येतो तो गारवा ओला असतो,
आणि त्या ओलीत मीठ.
बुटक्याला थंडीचं काही नाही. त्याला ओलीचं भय.

म्हणून टाकी संध्याकाळीच भर, काठोकाठ.
अर्धी ठेवलीस तर रिकाम्या अर्ध्यात
रात्रभर दव धरतं,
सकाळी तो डिझेलऐवजी पाणी पितो, खोकतो,
आणि तू मला फोन करतोस.
फिल्टरखाली काचेची वाटी आहे. तळाशी थेंब दिसला
तर स्क्रू सैल कर, जाऊ दे त्याला.

चावी अर्धी फिरवून थांब.
आमची आई एक नमो मारिया म्हणायची, तेवढा वेळ.
तू मनात वीस मोज, हीटरला दोन्ही सारखंच.
नाही उठला तर पुन्हा वीस.
स्टार्टर रगडत बसू नकोस, त्याने बॅटरी मरते
आणि शेजारचा ज्योकिम जागा होतो.

बॅटरीच्या टोकांना हिरवट फुलं येतील.
कोमट पाणी, खायचा सोडा, जुना ब्रश.
पुसून वर व्हॅसलीन, माझ्या टाचांचीच डबी घे,
खिडकीत आहे.

सायलेन्सरच्या तोंडावर नाताळच्या गोडाचा रिकामा डबा.
मागल्या वर्षी विसरले, चार दिवस उभा होता,
गांधीलमाशांनी आत संसार थाटला.
सुरू करण्याआधी डबा काढ, हे सांगायला नको.
सांगते. तुझ्या मामाने काढला नव्हता,
तो उडून पेरूच्या झाडात गेला, अजून तिथेच आहे.

भाजी घेऊन जेट्टीवर गेलास तर आल्याबरोबर धू.
विहिरीच्या पाण्याने, पोटाखालून.
वरून चकचकीत दिसतो त्याला भुलू नकोस,
गंज खालून चढतो.
मग ग्रीस. सगळी निपलं, मोजून अकरा.
अकरावं वाकल्याशिवाय दिसत नाही,
दोन वर्षं ते मी दहाच धरलंय.

भाताचं रान वर कोरडं, खाली लोण्यासारखं.
चाकांची हवा थोडी कमी ठेव, अंगठ्याने दाबून नव्हे, गेजने.
नांगर लावलास की पुढून उचलतो,
तेव्हा पुढे ते सिमेंटचं वजन अडकव.
तेलाचा पिंप कापून त्यात ओतलेलं आहे, बस्त्यावने,
ओलं असताना वर पंजा उमटवून ठेवला.
चारच बोटं. पाचवं प्रेसमध्ये गेलं होतं.
वजन लावताना तिथे हात ठेवायलाच हवा असं काही नाही.
मी ठेवते.

दिवा मी स्वतः बसवलाय, वायर सायलेन्सरच्या फार जवळून गेली.
ती हलव. मला जमलं नाही हे खरं.
सीट रिक्षातली आहे, छान आहे, हात लावू नकोस.

वालाला पाणी द्यायचं नाही.
आठवण झाली म्हणून लिहिते, ट्रॅक्टरचा संबंध नाही.
तो दवावरच येतो,
जे टाकीत नको तेच त्याला हवं.

आणि क्लचवर एक लाकडी ठोकळा बांधलेला दिसेल,
सुतळीने, वेडावाकडा.
माझा पाय तिथवर वाकत नाही म्हणून.
तुझे पाय लांब, तुला अडेल, काढ.
पण फेकू नकोस.
लागला नाही तर पाणी तापवायच्या चुलीत घालू.
मी घालीन.